खाशाबांचा गुडघा

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत पैकीच्या पैकी सोडाच, काठावर पास होण्याची मारामार होती. त्यामुळे मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असा आदेश आला तेव्हा आधी मी हसलो आणि मग दोन दिवस संपादक महाशयांना मेसमध्ये टाळत फिरलो. पण विषय डोक्यात बरेच दिवस घोळत होता. आणि तो विषय इंग्रजीत लिहिला असता तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय, राहिलेल्या चुका त्याच्या.

तर, विषयाकडे येण्याआधी थोडं माझ्या खुब्याबद्दल.

आमच्या शाळेत क्रिकेटपेक्षा हॉकीला मान होता. मी पाचवीपासून खेळतोय, राइट विंगला. फर्स्ट इयरला असताना उजव्या जांघेत दुखायला लागलं. आधी वाटलं स्नायू आखडला असेल. मग खाली वाकून ड्रिबल करताना दुखायला लागलं, मग जिना चढताना, आणि शेवटी चार तास ड्रॉइंग हॉलमध्ये स्टुलावर बसल्यावर उठताना. एक्स-रे, एमआरआय सगळं झालं. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खरं तर चेंडूसारखा गोल हवा, माझा मानेजवळ थोडा फुगीर आहे. पाय वर घेतला की तो फुगवटा खोबणीच्या काठावर घासतो आणि काठावरची मऊ कूर्चा फाटते. या प्रकाराला डॉक्टरी भाषेत कॅम म्हणतात. होय, आपला थिअरी ऑफ मशिन्सवाला कॅम! ज्याचा प्रोफाइल काढताना आपण सगळ्यांनी रात्री जागवल्या, तो माझ्या खुब्यात बसलाय. हॉकीवाल्यांमध्ये हे बरंच आढळतं म्हणे, विशेषतः बर्फावरच्या हॉकीत. ऑपरेशन करायचं की खेळ सोडायचा, यावर घरी अजून एकमत नाही. आईचं मत तुम्हाला कळलंच असेल.

हे चालू असतानाच ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. मेसमध्ये एका मोबाइलभोवती आम्ही वीसजण होतो. आरडाओरडा संपल्यावर आमच्यातला एक कराडकडचा मुलगा म्हणाला की महाराष्ट्राच्या माणसाला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, याआधीचं खाशाबांचं. मला नाव माहीत होतं. शाळेत जनरल नॉलेजच्या पुस्तकात होतं, के. डी. जाधव, हेलसिंकी, १९५२, ब्राँझ, एक मार्क. त्या रात्री पहिल्यांदा त्यांच्याबद्दल नीट वाचलं. आणि एका ओळीवर अडकलो. प्रत्येक ठिकाणी ती एकच ओळ होती की गुडघ्याच्या दुखापतीमुळे ते १९५६ च्या ऑलिम्पिकला जाऊ शकले नाहीत. बस्स, पुढचा परिच्छेद सुरू. ज्याचा स्वतःचा एक सांधा बिघडलाय, त्याला अशा ओळीवरून सहज पुढे जाता येत नाही.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडच्या अगदी जवळ. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांमध्ये खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच तालीम म्हटल्यावर मुलगा पाचव्या वर्षापासून मातीत उतरला. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. १९४२ साली चले जाव चळवळ सुरू झाली तेव्हा हे सोळा वर्षांचे. सातारा जिल्ह्यात तेव्हा काय वातावरण होतं ते इकडच्या मुलांना सांगायला नको. भूमिगतांना लपायला जागा देणं, निरोप पोचवणं अशी कामं त्यांनी केली.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून तिथे उभं आहे. खाशाबांना तिथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी असे वस्ताद मिळाले. पण कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेत मात्र क्रीडा शिक्षकांनी त्यांचं नावच घेतलं नाही. कारण काय, तर अंगकाठी लहान. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जो डोंगर येतो तसे ते नव्हतेच. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी खेळायची परवानगी दिली आणि या लहान चणीच्या मुलाने आपल्यापेक्षा दांडग्यांना एकामागून एक लोळवलं. प्राचार्यांचं नाव बाळासाहेब खर्डेकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक झालं. खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. गट फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो. तिथे गेल्यावर पहिला धक्का म्हणजे माती नाही, मॅट!

इथे मला जरा थांबू द्या, कारण ज्यांनी कधी तालीम बघितली नाही (मी पण गेल्या वर्षीपर्यंत नव्हती) त्यांना यातला फरक कळणार नाही. आपल्याकडे आखाड्यातली माती म्हणजे नुसती माती नसते. त्यात तेल, ताक, हळद, काव घालून ती मऊ ठेवतात. तिच्यात पाय थोडा रुततो, थोडा सरकतो. कुस्ती कितीही वेळ चालू शकते आणि पाठ लागली की निकाल. मॅटवर सगळंच वेगळं. पायात बूट, खाली घट्ट पकडणारा पृष्ठभाग, घड्याळ चालू, आणि पाठ नाही लागली तर पंच ठरवणार कोण जिंकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोइफिशंट ऑफ फ्रिक्शनच बदलला. इतकी वर्षं एका पृष्ठभागावर शिकलेलं शरीर दुसऱ्या पृष्ठभागावर नेऊन ठेवायचं. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकांनी त्यांना तयार केलं. आणि एवढ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले. एकूण सहावा नंबर. मॅटशी ओळख जेमतेम, आणि जगात सहावा!

परत आल्यावर त्यांनी जो व्यायाम सुरू केला त्याच्या आकड्यांच्या कहाण्या इकडे कुणालाही विचारा, प्रत्येकजण वेगळा आकडा सांगेल. जोर, बैठका, सगळं शेकड्यांत. मी ते आकडे देत नाही. एवढं मात्र खरं की पुढच्या वेळेस त्यांनी गट बदलला. ५२ वरून ५७ किलो, बँटमवेट. म्हणजे आता समोरचा प्रत्येकजण जास्त वजनदार.

हेलसिंकीच्या निवडीत घोटाळा झाला. मद्रासला झालेल्या स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध ते एका गुणाने हरले असं ठरवण्यात आलं, आणि हा निकाल खाशाबांना मान्य नव्हता. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, जे तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि यावेळी खाशाबांनी पंचांना काही ठरवायची संधीच ठेवली नाही. चितपट!

निवड झाली, पण पैसे? मुंबई सरकारकडे मागणी केली, काही हाती लागलं नाही. मग गोळेश्वर आणि आजूबाजूच्या गावांनी वर्गणी काढली. कुणी दुकानदाराने सामान दिलं, कुणी रोख दिले. तरी पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! आपण इथे सरांना असाइनमेंटची मुदत दोन दिवस वाढवून मागताना दहा वेळा विचार करतो. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य होते, यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चीत केलं. ही कुस्ती जवळजवळ शेवटच्या मिनिटापर्यंत चालली. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला मात्र त्यांनी सहा मिनिटांच्या आतच आडवं केलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवलं. त्यानंतर जपानच्या शोहाची इशीबरोबर कुस्ती झाली. पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा हरले. मग घडलं ते आपल्याकडे आजही चिडून सांगितलं जातं. लगेच पुढच्या कुस्तीसाठी पुकारा झाला, सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोवशी. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असा नियम होता, पण तो नियम पुढे करून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. याच संघात कोल्हापूरचे केशव माणगावे होते, त्यांचा ६२ किलो गटात चौथा नंबर आला. एका पायरीने हुकलं. चौथ्या नंबरवाल्यांची नावं कुणी पाठ करत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता आम्हा हॉकीवाल्यांसाठी एक गंमत. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, त्याच हेलसिंकीत भारताने हॉकीच्या फायनलमध्ये हॉलंडला ६-१ ने हरवलं. सहापैकी पाच गोल एकट्या बलबीर सिंगांचे. त्या संघाचे कॅप्टनही के. डी., म्हणजे के. डी. सिंग बाबू. तेव्हा हॉकीचं सुवर्ण म्हणजे ठरलेली गोष्ट होती, देशभर गाजावाजा झाला. दुसऱ्या के. डीं.चं ब्राँझ त्या मानाने शांतपणे घरी आलं.

घरी म्हणजे कराडला मात्र शांतता अजिबात नव्हती. शंभरावर बैलगाड्या स्टेशनवर न्यायला आल्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके. कराड स्टेशन ते गोळेश्वर हे अंतर गाडीवर किती लागतं ते आपल्याला माहीत आहे. त्या दिवशी मिरवणुकीला कित्येक तास लागले. त्यानंतर खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यात स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं कर्ज फेडलं. घर सुटलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. आता ती एक ओळ.

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकत होते, शिकवत होते. डोळ्यासमोर मेलबर्न १९५६. हिशेब करून बघा. लंडनला सहावे, हेलसिंकीला तिसरे. मॅटची ओळख नसताना सहावे आणि अर्धा तास श्वास घ्यायला न मिळता तिसरे. आता आठ वर्षं मॅटची सवय झालेली, जगातले पैलवान कसे खेळतात ते दोनदा बघितलेलं, पोटापाण्याची नोकरी मिळालेली. वय तीस, कुस्तीत काही म्हातारपण नव्हे. मला तरी असं वाटतं की त्यांची सगळ्यात चांगली संधी हेलसिंकी नव्हतीच, मेलबर्न होती. आणि त्याच तयारीत गुडघा गेला.

गुडघा म्हणजे आपल्याला दाराची बिजागरी वाटते. तसं नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, गुडघ्यातले दोन क्रूशिएट लिगामेंट एकमेकांना फुलीसारखे छेदतात, आणि वरचं हाड, खालचं हाड आणि हे दोन असे मिळून तो चक्क एक क्रॉस्ड फोर-बार लिंकेज आहे असं मानून त्याचा अभ्यास करतात. म्हणून पाय वाकवताना हाड नुसतं फिरत नाही, गडगडतं आणि घसरतं, आणि थोडं स्वतःभोवती वळतं सुद्धा. हे वळणं मर्यादेत असेल तर ठीक. वाकवण्यासाठी बनवलेल्या यंत्रणेला तुम्ही पिळ द्यायला लागलात की एखादा दुवा तुटतो, किंवा दोन हाडांमधली कूर्चेची गादी चिरडते.

आता खाशाबांचा हुकमी डाव कोणता, तर ढाक. रूममेटने मला हॉस्टेलच्या गादीवर तो करून दाखवला (माझ्या चांगल्या बाजूवर, आभारी आहे). समोरच्याची मान आणि हात कवेत घ्यायचा, विजेसारखं फिरून त्याच्याकडे पाठ करायची, त्याला आपल्या कमरेवर घ्यायचं आणि पुढे आपटायचं. बघायला सुंदर. पण त्या एका क्षणाचा फ्री बॉडी डायग्रॅम काढा. दोन माणसांचं वजन, म्हणजे शंभर किलोच्या वर, बहुतेक सगळं एका पायावर. तो पाय जमिनीत रोवलेला. वरचं अंग गर्रकन फिरतंय. मातीत असता तर पाऊल थोडं तरी सरकलं असतं. मॅटवर बूट घट्ट पकडतो. वरून आलेला सगळा पिळ जातो कुठे? खुबा गोळा-खोबणीचा, तो फिरतो आणि आपला वाटा घेतो. घोटा थोडा घेतो. उरलेला मधल्या गुडघ्याने सोसायचा. खाशाबांचा गुडघा नेमका याच डावात गेला असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या पोटापाण्याचा, नावाचा आणि सगळ्या आयुष्याचा डाव फिरण्यावर आहे, त्याचा गुडघा जाणं म्हणजे काय, ते या आकृतीवरून कळतं. लांब पळणारा एखादा डाव कमी वेगाने खेळू शकतो. ढाक अर्धी मारता येत नाही.

त्यात साल १९५६. माझा खुबा बिघडला तेव्हा एका मशीनमध्ये मला पाऊण तास झोपवलं आणि आतली कूर्चा कुठे फाटलीय ते मिलिमीटरमध्ये दिसलं. ते मशीन माणसावर पहिल्यांदा चाललं १९७७ साली. खाशाबांच्या काळात एक्स-रे होता, त्यात हाडं दिसतात, कूर्चा आणि लिगामेंट दिसत नाहीत. म्हणजे हाड शाबूत असेल तर आत काय झालंय हे डॉक्टरांनी हाताने दाबून, वाकवून ओळखायचं. आज दोन बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून गुडघा दुरुस्त करतात आणि खेळाडू काही महिन्यांत मैदानावर येतो. त्या दुर्बिणीवर तेव्हा टोकियोत मासाकी वातानाबे नावाचे डॉक्टर काम करत होते, आणि दुर्बिणीतून गुडघ्यातली फाटलेली गादी कापण्याचं पहिलं ऑपरेशन त्यांनी केलं १९६२ साली. मेलबर्न होऊन सहा वर्षं झाली होती. विश्रांती घ्या, शेका, मालीश करा, पट्टा बांधा, हे आपल्याकडच्या पैलवानाचे उपचार. आणि ऑलिम्पिक कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही.

परत एकदा हॉकीकडे वळतो, कारण इथेच मला सगळ्यात जास्त टोचलं. त्याच मेलबर्नला बलबीर सिंग भारताचे कॅप्टन होते. अफगाणिस्तानविरुद्धच्या सुरुवातीच्याच मॅचमध्ये त्यांच्या उजव्या हाताचं बोट मोडलं. पुढच्या साखळी मॅचेसमध्ये त्यांना बसवून ठेवलं. त्यांच्याशिवाय संघ जिंकत राहिला. मग सेमीफायनल आणि फायनलला ते प्लास्टर घातलेलं बोट आणि वेदना मारणारी इंजेक्शनं घेऊन उतरले. फायनल पाकिस्तानशी, १-० ने जिंकली, गोल रणधीर सिंग जंटल यांचा. बलबीर सिंगांचं धैर्य मोठंच, त्यात वाद नाही. पण हॉकीत दहा जण शेजारी असतात. बोट मोडलं तर डॉक्टर असतो, मॅनेजर असतो, तुम्ही बसलात तर तुमच्या जागी दुसरा गोल मारतो आणि मेडल तुमच्याही गळ्यात येतं. मी स्वतः गेल्या वर्षी इंटर कॉलेजला एकही मिनिट न खेळता टीमच्या फोटोत आहे! कुस्तीत बेंच नसतो. खाशाबांच्या गुडघ्याच्या जागी कुणी उतरणार नव्हतं.

मेलबर्नला ५७ किलोच्या गटात तुर्कस्तानचा मुस्तफा दागिस्तानली पहिला आला, इराणचा याकुबी दुसरा आणि सोव्हिएत युनियनचा शाखोव तिसरा. ही तीन नावं मी दोनतीनदा वाचली. त्यांचा काही दोष नाही, आपापल्या जागी ते उत्तमच असणार. पण यातली एक जागा कदाचित खाशाबांची झाली असती, हे मनातून जात नाही.

त्यानंतरचं आयुष्य लांब होतं आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार थोडं लिहिलं गेलंय. खाशाबा पोलिसात राहिले, एकूण २७ वर्षं नोकरी केली. बढत्या फार उशिरा मिळाल्या. निवृत्तीच्या वेळी सहायक पोलीस आयुक्त होते. हाताखालच्या पोरांना त्यांनी कुस्ती शिकवली. ऑलिम्पिक पदक असलेला हा माणूस रोज युनिफॉर्म घालून ड्युटीवर जात होता आणि आजूबाजूच्या बहुतेकांना त्याचं काही विशेष वाटत नसणार. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२ ला दिल्लीत एशियाड झालं तेव्हा मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. त्याच्या दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ ला, रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८.

बाकी सगळं नंतरचं. १९९६ ला अटलांटात लिअँडर पेसला टेनिसमध्ये ब्राँझ मिळालं, तेव्हा पेपरवाल्यांना खाशाबा आठवले, कारण मध्ये ४४ वर्षं गेली होती. कुस्तीत पुढचं पदक तर २००८ ला सुशील कुमारचं, ५६ वर्षांनी. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, तोही मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचं नाव दिलं. १५ जानेवारी २०२३ ला गूगलने त्यांच्या चित्राचं डूडल केलं. आमच्या विंगमधल्या एकाला ते बघून वाटलं होतं की कुठल्यातरी पिक्चरची जाहिरात आहे. मी हसलो नाही. माझ्याकडेही तेव्हा एका मार्कापुरतीच माहिती होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका रविवारी रूममेटच्या बाईकवरून आम्ही गोळेश्वरला जाऊन आलो. खाशाबांच्या घराचं नाव ऑलिम्पिक निवास. मी उगाच काहीतरी भव्य डोळ्यासमोर आणलं होतं. गाव इतर कुठल्याही गावासारखंच, बाजूला उसाची शेतं, रस्त्यावर ट्रॅक्टर. कुणाला काही विचारायचं धाडस मला झालं नाही, माझं मराठी ऐकून लोक हसतील अशी भीती. रूममेट बोलत होता, मी गाडीला टेकून उभा होतो. बराच वेळ उभं राहिल्याने जांघेत ठणका सुरू झाला. निघताना नेहमीसारखा उजवा पाय हाताने उचलून गाडीवरून पलीकडे टाकला आणि मागे बसलो. डॉक्टरांकडे पुढच्या सोमवारी जायचंय.